हुंगणीवरचा ठिपका

पहिला घाव सुदामनेच घातला होता. कोयत्याची मूठ उलटी धरून त्याने सतरा नंबरच्या खांबावरच्या पाटीवर अशी हाणली, की काच आतल्या आत पिचली आणि तीन दिवस ‘जवळ’ म्हणून हटून बसलेला काळा शब्द कोळ्याच्या जाळ्यासारखा विस्कटला. ऊसतोडीची टोळी बांधावर उभी राहून बघत होती. मुकादम म्हणाला, की पाटी फोडून बिबट्या जात नसतो. त्याने आपल्या बायामाणसांना हाक मारली आणि टोळी शेजारच्या मळ्यात नेली. सुदाम हांडेची तोडीची पाळी हुकली, आणि त्याचा अडीच एकर ऊस डिसेंबरच्या थंडीत तसाच उभा राहिला.

त्या पाटीला हांडेमळ्यातल्या बायका ‘हुंगणी’ म्हणायच्या. ती बनवली होती सुदामच्या धाकट्या बहिणीने, वृषालीने. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, हौशी मंडळी खेळायला घेतात तसल्या साध्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर तिने ती जुळवली, तेव्हा तो नुसता प्रकल्प होता. बिबट्या आपली हद्द आखायला बुंध्यांवर जो फवारा सोडतो, त्यात आंबेमोहोर तांदळाला सुवास देणारंच रसायन असतं. तो वास दोनशे मीटरवरून ओळखणारी पातळ पट्टी बाजारात आली, आणि वृषालीने दोन वर्षं खपून त्या पट्टीला बिबट्या आणि शेजारच्या चुलीवरचा भात यांतला फरक शिकवला. २०३८ साली जुन्नर तालुक्याच्या त्या टापूत अशा चाळीस हुंगण्या खांबांवर होत्या.

पूर्वी लोक उसात घोळक्याने जायचे, मोठ्याने बोलत, काठी आपटत. आता पाटीवर ‘मोकळं’ दिसलं की माणूस एकटाही आत शिरायचा. सहा वर्षांत एकही जीव गेला नव्हता. काठ्या माळ्यावर पडल्या होत्या आणि कुत्री सुस्तावली होती.

पाटीसाठी वृषालीने ई-पेपर निवडला, तोही विचार करूनच. या पडद्यात केसाहून बारीक कुप्या असतात आणि कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण तरंगत असतात. विजेचा झटका दिला की काळे वर येतात, उलटा दिला की पांढरे. झटका थांबला की कण जिथल्या तिथे राहतात. म्हणजे चित्र बदलायलाच तेवढी वीज लागते, टिकवायला लागत नाही. भर उन्हातही अक्षर छापल्यासारखं वाचता येतं. तळहाताएवढ्या सौरपट्टीवर चालणाऱ्या यंत्राला याहून चांगलं काही नव्हतं.

खोट एकच होती. साधा दिवा मेला की विझतो. हा पडदा मेला तरी शेवटचं चित्र दाखवत राहतो. म्हणून वृषालीने कोपऱ्यात एक ठिपका ठेवला होता. दर मिनिटाला तो डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे उडी मारायचा. ठिपका हलतो तोवर हुंगणी जिवंत. मळ्यातल्या बायकांनी त्याची रीतच करून टाकली होती. उसात शिरण्याआधी चाऱ्याची टोपली खाली ठेवायची, पदर खोचायचा, ठिपका हलला की “हलला” असं मोठ्याने म्हणायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

*

काच फुटली त्याच संध्याकाळी वनरक्षक केदारी घरी आले. दिगंबर केदारी, पस्तिशीचा हाडकुळा माणूस, चाळीसही हुंगण्या त्यांच्या नावावर होत्या. सरकारी यंत्र फोडलं म्हणजे गुन्हा. पण त्यांनी चहा घेतला, कप पालथा घातला आणि सुदामकडे न बघता वृषालीला सांगितलं, की चार दिवसांत पाटी लागली तर ती फुटलीच नव्हती असं ते समजतील.

मूळ पडदे बनवणारा कारखाना बंद होऊन वर्ष झालं होतं. वृषाली पुण्याच्या जुन्या बाजारात गेली आणि मोठ्या दुकानांतून काढून टाकलेल्या भावपट्ट्यांच्या ढिगाऱ्यात तिला त्याच मापाचा पडदा सापडला. पडदा बोर्डाला जोडणारी चोवीस तारांची चपटी शेपटीही तीच. पडद्यावर अजून लिहिलेलं होतं : ‘तूरडाळ. आज सवलत.’ ‘आज’ हा शब्द लाल रंगात होता. भंगारवाला म्हणाला, की ही पट्टी त्याच्याकडे अडीच वर्षं पडून आहे. अडीच वर्षांचं ‘आज’ बघून वृषालीला हसू आलं. ते हसणं पुढे तिला फार दिवस आठवत राहिलं.

घरी आल्यावर तिने तपासणीचा कागद काढला. सात ओळी होत्या. शेपटी बसते का, तारांचा क्रम तोच आहे का, आतली चिप बोर्डाची भाषा समजते का, विजेचा दाब सोसतो का. एकेक ओळ तिने नीट तपासली. थंडीत पडदे मंदावतात म्हणून तो फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी तासभर ठेवला, आणि कांचन वहिनीची बोलणी खाल्ली.

“उद्या कणकेच्या डब्यात बिबट्या ठेवशील,” वहिनी म्हणाली.

पडदा चालत होता, पण तीन रंगांचा होता. लाल कण जड असतात, सावकाश सरकतात. जुना पडदा दोन सेकंदांत चित्र बदलायचा, हा सोळा सेकंद लुकलुकायचा. शिवाय जुन्यात नुसता कोपरा बदलता यायचा, यात चित्र बदलायचं तर सगळंच्या सगळं. दर मिनिटाला सोळा सेकंद पाटी लुकलुकत राहिली असती, तर कुणालाच काही वाचता आलं नसतं. रात्री नऊच्या सुमारास वृषालीने ठिपक्याची ओळ काढून टाकली. चित्र स्वच्छ आलं.

सहावी ओळ उरली : ‘बॅटरीवर, तीन दिवस’. आतापर्यंतची सगळी तपासणी तिने लॅपटॉपच्या वायरवर केली होती, आणि वायरला विजेची ददात नसते. केदारी सकाळी येणार होते, तीन दिवस तिच्याकडे नव्हते. तिने मनाशी हिशोब मांडला. पाटी दिवसातून फार तर चार वेळा बदलते, सोळा सेकंदांनी असा काय फरक पडणार? तिने सहाव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

सकाळी केदारींनी पडदा उजेडात धरून पाहिला.

“ठिपका कुठंय, ताई?”

या पडद्यात जमत नाही, तिने सांगितलं. बाकी सगळं तपासलंय. केदारींनी कागदावरच्या सात खुणा पाहिल्या, खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली. कागदाची घडी खांबावरच्या डब्यात, नेहमीच्या जागी गेली. सुदाम दाराआड उभा होता. त्या दिवशी जेवताना त्याने बहिणीच्या ताटात आपल्या हाताने तुपाची धार सोडली.

*

पुढचे पाच दिवस धुक्याचे गेले. सौरपट्टीला ऊन मिळालं नाही. त्यात सुदामच्या उसातली बिबट्याची मादी नेमकी दोनशे मीटरच्या काठावर ये-जा करत होती. वास येई, जाई. पाटी ‘जवळ’ म्हणे, ‘मोकळं’ म्हणे, पुन्हा ‘जवळ’. एका रात्रीत चाळीस-चाळीस वेळा, दर वेळी सोळा सेकंद. बिबट्या जितका जवळ, तितकी हुंगणीची बॅटरी लवकर आटत होती. हे वृषालीला नंतर आतल्या नोंदींतून कळलं. शेवटची नोंद सहाव्या दिवशी पहाटे चार वाजून अकरा मिनिटांची होती, ‘मोकळं’. त्यानंतर यंत्र मेलं आणि शब्द राहिला.

सव्वासातला वहिनी चाऱ्यासाठी निघाली. धुकं विरत होतं. वृषाली ओट्यावर दात घासत होती.

“हुंगणी काय म्हणते?” तिने विचारलं.

“मोकळं म्हणते. आणि बरं झालं बाई तुझा ठिपका गेला. त्याच्यापायी रोज माझा चहा निवायचा.”

वहिनी टोपली काखेला मारून, पदर न खोचता, थेट उसाकडे चालत गेली.

किंकाळी आली ती अर्धीच, कुणी तोंडावर हात दाबावा तशी. सुदाम गोठ्यातून धावला, वृषाली त्याच्या मागे. बांधाच्या आत दहा पावलांवर मादीने वहिनीची मान धरली होती आणि ती तिला मागे ओढत होती. वहिनीच्या टाचा ओल्या मातीत दोन चर काढत चालल्या होत्या. सुदामने कोयता फेकला. तो मादीच्या खांद्यात रुतला. ती सोडून उलटली, सुदामच्या दंडाचं मांस फाडून उसात घुसली. सुदामने बायकोला उचललं तेव्हा तिचं डोकं एका बाजूला कलंडलं. मानेतून रक्त कढत्या दुधासारखं उतू जात होतं. वृषालीने ओढणी गोळा करून भोकावर दाबली. ओढणी भरली, तिचे हात भरले, आणि थोड्या वेळाने रक्त यायचं थांबलं. ते का थांबलं हे तिला कळलं, तरी ती दाबतच राहिली.

*

आठ वाजेपर्यंत मळ्यात दोनशे माणसं जमली. माळ्यावरच्या काठ्या खाली आल्या. केदारी मोटरसायकलवरून आले. मादी जखमी आहे, पिंजरा निघालाय, तासभर थांबा, असं ते ओरडून सांगत होते. कुणी ऐकलं नाही. सुदामने दंडाला फडकं बांधलं, डिझेलचा कॅन आणला आणि स्वतःचा ऊस स्वतःच तीन बाजूंनी पेटवला. चौथ्या बाजूला, खांबापाशी, माणसं उभी राहिली.

वाळलं पाचट फटाक्यांच्या माळेसारखं तडतडत पेटलं. मादी बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवरचे केस जळत होते आणि ती तीन पायांवर होती. तिने एका म्हाताऱ्याला आडवं केलं. मग तिच्यावर काठ्या, फावडी, दगड पडायला लागले. ती लवकर मेली, पण मार लवकर थांबला नाही. शेवटी तिथे कातडं आणि चिखल यांत फरक करता येईना.

तरी हात भागले नव्हते. कुणीतरी म्हणालं, की गार्डाने पाटी नवी बसवली तीच खोटी बोलली. दुसऱ्याने डबा उचकटून कागद काढला, खालची सही वाचून दाखवली. वनखातंच बिबटे आणून सोडतं, ही जुनी वावडी मग कुणीतरी उकरून काढली. केदारी पळाले नाहीत. पहिली काठी त्यांच्या कानावर बसली. ते गुडघ्यावर आले, तेव्हा एकाने त्यांच्या तोंडावर लाथ घातली आणि दातांबरोबर रक्त बाहेर पडलं.

“सही माझी आहे,” ते म्हणत होते. “सही माझी आहे.”

वृषाली बांधावर वहिनीशेजारी बसली होती. तिला वाटलं, आता केदारी तिच्याकडे बोट करतील. त्यांनी मान वर केली, तिला पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाले. सुदाम गर्दी कापत पुढे आला. मादीच्या खांद्यातून काढलेला कोयता त्याच्या हातात होता. लोकांनी त्याला वाट करून दिली, कारण पहिला हक्क त्याचा होता.

आपण गप्प बसलो, तर पाच मिनिटांत हे संपेल. वृषालीला ते लख्ख दिसलं. भाऊ राहील, घर राहील, आणि सहावी ओळ कुणालाच कळणार नाही.

ती उठली. खांबाच्या उघड्या डब्यात हात घालून तिने बॅटरीची वायर उपटली, सौरपट्टीची उपटली, चोवीस तारांची शेपटी ओढून काढली. मग नुसता पडदा दोन्ही हातांत धरून ती केदारी आणि सुदाम यांच्या मध्ये उभी राहिली. काचेवर तिच्या बोटांचं रक्त लागलं होतं. त्याखाली स्वच्छ अक्षरांत होतं : ‘मोकळं’.

“दादा, हे बघ. याला आता काही जोडलेलं नाय. तरी मोकळंच म्हणतंय. मादी इथंच होती, तरी हे बदललं नाय. वहिनी गेली तेव्हा हे मेलेलंच होतं.”

“बाजूला सर,” सुदाम म्हणाला.

“ठिपका असता तर वहिनी थांबली असती. ठिपका मी काढला.”

सुदामने कोयत्याने केदारींकडे दाखवलं.

“सही याची हाय,” सुदाम हळू आवाजात म्हणाला. सांग की याची आहे, अशीच जणू तो विनवणी करत होता.

“खूण माझी आहे. सहाव्या ओळीवरची. ती तपासणी मी केलीच नाय. न करता खूण केली. यांनी माझ्यावर विसंबून सही केली, बस.”

सुदामने कोयता उचलला. हातातल्या हातात तो फिरताना वृषालीने पाहिलं. धार मागे गेली, मूठ पुढे आली. मग घाव आला. पडद्याची काच आतल्या आत पिचली आणि त्यामागे तिच्या उजव्या मनगटाचं हाडही. दोन्ही आवाज एकदम झाले.

वृषाली खाली बसली. सुदामने पुन्हा हात उचलला, आणि तो वरच राहिला. तो काचेकडे बघत होता. ‘मोकळं’ कोळ्याच्या जाळ्यासारखं विस्कटलं होतं. तो आवाज, ती मूठ, तसला तडा त्याने याच खांबापाशी दहा दिवसांपूर्वी ऐकला-पाहिला होता, त्या वेळी काचेत ठिपका हलत होता. जुनी पाटी कुणी फोडली हे वृषाली बोलली नव्हती. ती आत्ताही बोलली नाही.

कोयता त्याच्या हातातून पडला. तो तिथेच, राखेत, मांडी घालून बसला आणि त्याने आपलं कपाळ जमिनीवर आपटायला सुरुवात केली. चौघांनी धरलं तेव्हा थांबला. लोक एकेक करून मागे सरले. कुणीतरी केदारींना पाणी दिलं.

*

वृषालीने जबाब लिहून दिला, डाव्या हाताने. खटला अजून चालू आहे. केदारींना उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांची बदली झाली. जाण्याआधी ते एकदा दवाखान्यात आले होते. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी बहिरा कान तिच्याकडे केला आणि डाव्या हाताने लिहायला जमतं का, एवढं विचारलं.

चाळीसही हुंगण्या तिने उतरवल्या. नव्या पडद्यांची तपासणी आता अकरा ओळींची आहे. ठिपका परत आलाय. शिवाय बोर्डावर तिने एक छोटा साठा बसवलाय. बॅटरी आटू लागली की त्यातली शेवटची वीज एकाच कामाला लागते : पाटी पूर्ण काळी करायला. हुंगणी आता मरते ती काळी होऊन मरते. प्रत्येक पाटी तिने तीन दिवस बॅटरीवर ठेवून, मग मुद्दाम मारून पाहिली.

सुदाम तिच्याशी बोलत नव्हता. एका घरात, एका चुलीवरचं जेवत अकरा महिने गेले. तो ताट उचलून गोठ्यात जाऊन जेवायचा.

नोव्हेंबरात सतरा नंबरच्या खांबावर नवी पाटी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली ओट्यावर उभी होती. तिचं मनगट थंडीत ठणकत होतं. सुदाम चाऱ्यासाठी निघाला. काखेत वहिनीची टोपली, हातात तोच कोयता. खांबापाशी आल्यावर तो थांबला. पाटीवर ‘मोकळं’ होतं. त्याने काखेतली टोपली खाली ठेवली. धोतर नव्हतं, पदर नव्हता, तरी त्याचा हात कमरेपाशी काहीतरी खोचल्यासारखा गेला. मग तो कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. मिनिट फार लांबलं.

“हलला,” तो मोठ्याने म्हणाला.

वृषालीकडे त्याने पाहिलं नाही. पण ओट्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची त्याला गरज नव्हती. त्याने टोपली उचलली आणि तो उसात शिरला.